छताचा आवाज

रविवार, १६ नोव्हेंबर, हिगाशी-कसाई, जपान

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या दिवसांत मी एक ओळ लिहिली नाही, माफ करा. आज लिहितेय, कारण शुक्रवारी माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि ती तुम्हालाच समजेल.

कावासाकीच्या आमच्या ऑफिसात युद्धातून पळून आलेला एक इंजिनिअर माझ्यासमोर मुलाखतीला आला होता. काम चोख. मी शेरा लिहिला, 'जपानी कच्चं, टीमला धोका.' उद्या दहाला निर्णय आहे. प्रमुख बाईंनी शेरा वाचला आणि विचारलं, "तुमचं कसं होतं हो, पहिल्या वर्षी?" टोमणा नव्हता. मला कचरा वेगळा करायलासुद्धा त्यांनीच शिकवलं होतं.

तेव्हापासून चंद्रपूरच्या आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. मी अकरावीत. आई भाकरी थापतेय, तुम्ही पहिली पाळी करून आलात, कानामागे कोळशाची रेघ राहिलीय. सांगताय, की एकाहत्तरच्या युद्धानंतर बंगाली निर्वासितांना खाणीत घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी विरोधाच्या कागदावर सह्या केल्या. "मी बी केली. छत सुटलं अन् 'पळ' म्हटलं, त त्याले कसं समजन? तो मरन, आपल्यालेबी मारन." मग, "अन् त्यातला एक माह्याच जोडीले आला! काठी देल्ली हातात. छत ठोक म्हटलं. खणखण वाजलं त थांब, पोकळ वाजलं त पळ. आठ दिवसांत माह्यापेक्षा चांगलं ऐके."

"अन् त्याच्या बायकोनं पाठवलेला मोहरीच्या तेलातला मासा खाऊन ह्यायच्या मिशीले तीन दिवस वास!" आई म्हणाली.

बाबा, त्या सहीची गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. नुसती काठीची गोष्ट सांगितली असतीत, तर तुम्हाला थोर मानून मी मोकळी झाले असते. सहीमुळे मला स्वतःकडे पाहावं लागतंय. तुमची भीती जिवाची होती. माझी कसली? टीममध्ये परदेशी मी एकटीच, आणि त्या एकटेपणाचा जो मान मिळतो तो मला वाटून घ्यायचा नव्हता. हे शेऱ्यात लिहिलं नव्हतं. तुम्ही असतात, तर तुम्हालाही फोनवर सांगितलं नसतं.

उद्या: दहाच्या आत बाईंना भेटून शेरा मागे घेणे, आणि त्याला माझ्या जोडीला मागणे.