रुमालाशिवायचा सौदा

पुणे

लाडक्या अंजुमबेटीला अब्बाचा सलाम आणि पोटभर दुवा.

माझी तब्येत बरी हाय. तुझा भाऊ साजीद आणि सूनबाई लई जीव लावतात, फिकीर करू नको. तिकडं गावी, हट्ट्याला, हळद शिजवून झाली का?

तुझ्या मैत्रिणीनं, शिवकन्येनं, आपल्या जुन्या कंप्युटरात नवी सिस्टम टाकून दिली आणि तीबी फुकट, हे वाचून माझ्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. फुकट काहून? वरून तू लिहितेस, दिसायला पहिल्यासारखीच हाय, खाली तीच पट्टी, कोपऱ्यात तेच बटण. बेटी, शिंगं रंगवून म्हातारा बैल जवान म्हणून विकणारे मी बाजारात लई पाहिले.

साजीद म्हणतो, "अब्बा, जगभरच्या लोकांनी मिळून बनवली. आत काय लिहिलंय ते कोणीबी उघडून पाहावं. लपवलेलं काहीच न्हाई."

हेच मला खटकून राहिलं. आमी दलालांनी जन्मभर रुमालाखाली बोटं दाबून बैलाचे भाव ठरवले. रुमालच न्हाई, तर सौदा कसला? शिवकन्येला काय पाहिजे, ते नीट विचार. तोवर तुझ्या बहिणीच्या, कहकशाच्या लग्नाचे फोटो त्यात ठेवू नको.

आता पुढचं अम्मीला वाचून दाखवू नको. उघडं ते चांगलं म्हणणारा हाच साजीद दवाखान्यात मला बाकावर बसवतो, डॉक्टरशी दाराआड बोलतो आणि हसत बाहेर येतो. रुमालाखाली सौदा चालला की मला बोटं न पाहताबी कळतं.

त्यानं तुला काय सांगितलं, ते मला उघडं लिही.

तुझा अब्बा,
लतीफ