ओबडायारावांच्या कागदांतलं कडुनिंबाचं पान

दुबई,
एप्रिल १९९९

तीर्थरूप अंबादासमामा यांच्या चरणी,

तुमच्या भाचीचा, स्मिताचा, इतक्या लांबून वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. पेट्या उचलून कंबर धरली आहे आणि सरळ उभं राहणं सध्या बंद आहे. कसल्या पेट्या ते सांगण्यासाठीच कागद घेतलाय.) तुमचा गुडघा कसा आहे? कराडची थंडी गेली, आता तरी जिना चढता का? कुमुदमामी तुम्हाला चहात साखर देत नसतील, असं मी धरून चालते. देत असतील तर चांगलंच आहे, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका, कारण पुढे त्यांचं नाव निघणार आहे.

आम्ही इथे मजेत. रणजितचं जबल अली बंदरातलं थंड गोडाऊन आंब्याच्या रसाचे डबे, श्रीखंड आणि द्राक्षं यांवर बरं चाललंय. मी मसाल्यांचं पॅकिंग बघते. मिहिका आठवीत गेली. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर सगळं इंग्रजीत येतं.

तर झालं असं. अमेरिकेतल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाने त्यांच्याकडचे दोनशे वर्षांपूर्वीचे कागद अबुधाबीतल्या एका कॉलेजात प्रदर्शनाला पाठवले. त्या देशात शास्त्र नुकतंच रांगायला लागलं होतं, तेव्हाचे हे कागद. हौशी डॉक्टर, शेतकरी, पाद्री अशी मंडळी पक्षी, किडे, झाडं बघून हाताने लिहून ठेवायची, चित्रं काढायची. कागद आले, पण कॉलेजातला एसी बंद पडलेला. कोणीतरी सुचवलं की थंड आणि कोरडी जागा हवी तर जबल अलीत एक मराठी माणूस आहे. अशा रीतीने अमेरिकेचं शास्त्र आमच्या श्रीखंडाच्या शेजारच्या खोलीत येऊन राहिलं. (दार वेगळं आहे मामा, घाबरू नका.)

कागदांबरोबर ज्या बाई यायच्या होत्या त्यांचा व्हिसा अडकला. मधेच कस्टमच्या तपासणीसाठी बऱ्याचशा पेट्या उघडल्या गेल्या. तपासून झाल्यावर त्या नीट बांधायच्या कोणी? रणजितचा फोन आला, "यल्ला, चल स्मिता, तुझा पॅकिंगचा हात आहे. दोन तासांचं काम, कागद आहेत फक्त. खलास." नवऱ्याने दोन तासांचं म्हटलेलं काम किती चालतं ते मामींना विचारा.

मी बांगड्या काढल्या, हात धुतले, मसाल्याचे कोरे प्लास्टिकचे हातमोजे घातले आणि बसले. नुसतं बांधून मोकळी झाले असते तर हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं. पण तुमच्याच हाताखाली मोठी झाले ना! माझ्या लहानपणी तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचात, तिथून दाबलेली पानं चिकटवलेले कागद घरी आणायचात आणि हात लावलात तर याद राखा म्हणायचात. हात लावू नका म्हटलेल्या कागदांचं वेड मला तेव्हापासून आहे. मी वाचायला लागले.

मामा, काय सांगू! बहुतेक कागद डॉक्टर ओबडाया विन्स्लो नावाच्या एका गृहस्थांचे. (मी त्यांना ओबडायाराव म्हणते. एखाद्याचं अक्षर इतके दिवस वाचल्यावर नुसतं डॉक्टर म्हणवत नाही.) पेन्सिल्व्हेनियात कुठेतरी खेड्यात राहायचे. रोगी कमी आणि खारी जास्त बघायचे. एका खारीच्या चित्राला दोन शेपट्या आहेत आणि खाली टीप आहे की शेपटी एकच असते, पण काढताना ती हलली आणि खोडायचं जिवावर आलं. परसात कासव पाळलेलं. ते न्याहारीआधी आणि न्याहारीनंतर काट्यावर ठेवायचे, आणि न्याहारी कासवाची की स्वतःची हे लिहायला विसरायचे. विजा चमकल्या की दूध नासतं का हे पाहायला पावसात दुधाचं भांडं घेऊन उभे राहिले आणि आठवडाभर तापाने फणफणले. दूध चांगलं राहिलं, अशी नोंद आहे. असा माणूस आपल्या नात्यात असता तर आपण त्याला वेडा म्हणून लग्नाला बोलावलं नसतं. मला मात्र तो इतका आवडला की जेवणाचा डबा तसाच राहिला.

मग ती पानं आली. एका उन्हाळ्यात गोळा केलेल्या वनस्पती ओबडायारावांनी कागदावर शिवल्या होत्या. शिवण आहे, खाली सुबक अक्षरात नाव आहे, आणि मधे नुसता देठ. कुठे तोही नाही. सोबत मित्राला लिहिलेलं पत्र होतं: किड्यांनी माझा सगळा उन्हाळा खाल्ला, आता मी नसलेल्या पानांची नावं लिहीत बसलो आहे. मामा, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि आपल्याकडची बाई डोळ्यांत पाणी आल्यावर नुसती बसत नाही.

गेल्या पाडव्याचा कडुनिंब मी वाळवून बिस्किटांच्या डब्यात ठेवते. गव्हात, पुस्तकांत घालायला, मामी त्यांच्या पैठणीच्या घडीत घालतात तसा. (ही शिकवण मामींचीच. वर म्हटलं ते हेच.) डबा गाडीत होता. मी थोडी थोडी पानं प्रत्येक उघड्या पेटीत पसरली, वर कागद घातला, पेट्या बांधल्या. दोनशे वर्षं उशिरा का होईना, ओबडायारावांच्या मदतीला कोणीतरी धावलं असं वाटून त्या दिवशी मी फार समाधानाने भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रणजितला पेट्यांबरोबरचा सूचनांचा कागद सापडला. पेट्यांत कोणतीही वनस्पती, अन्न किंवा सुगंधी पदार्थ ठेवू नये, हे ठळक अक्षरांत. रणजितचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही दोघांनी त्या सगळ्या पेट्या पुन्हा उघडल्या, पानं वेचून काढली, पेट्या पुन्हा बांधल्या. कंबर गेली ती तिथे. मिहिका एका खोक्यावर बसून म्हणाली, "आई, यू कान्ट जस्ट सीझन अदर पीपल्स हिस्टरी." (दुसऱ्यांच्या इतिहासाला मसाला लावू नये म्हणे.) तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

पुढे बाई आल्या. डॉक्टर ॲबिगेल, साठीच्या, उंच, पायात कॅनव्हासचे बूट. आल्या दिवसापासून कडक चहाच्या प्रेमात. ओबडायारावांवर त्यांनी अर्धं आयुष्य घातलंय. पेट्या अबुधाबीला गेल्या, तिथल्या हॉलमध्ये मांडामांड सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा गोडाऊनला फोन आला की ताबडतोब या, आनंदाची बातमी आहे. आम्ही गेलो. टेबलावर एका कागदाच्या घडीत एक लहानसं, तपकिरी, करवती काठाचं पान.

ओबडायारावांनी एका ठिकाणी लिहून ठेवलंय की पूर्वेकडून परतलेल्या जहाजाच्या कप्तानाने काही पानं आणून दिली, त्यांचं नाव त्यालाही ठाऊक नाही. ती पानं कधीच कोणाला सापडली नव्हती. ॲबिगेलबाई ती कितीतरी वर्षं शोधत होत्या. कॉलेजातल्या जाणकारांनी हे पान कडुनिंबाचं असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे पूर्वेकडचंच! उद्घाटनाच्या भाषणात त्या हे जाहीर करणार होत्या, अमेरिकेला पाठवायचा फॅक्ससुद्धा लिहून तयार होता. बाईंच्या मागे मोठी खिडकी होती, आणि खिडकीबाहेर, रस्त्याच्या कडेने, ओळीने कडुनिंबाची झाडं. मी त्यांच्याकडे बघू की झाडांकडे, मला कळेना.

गाडीत रणजित म्हणाला, "एक शब्द बोलायचा नाही. बात फैल गयी तर आपल्याकडे पुन्हा कोणी एक डबा ठेवणार नाही." त्याचंही खोटं नव्हतं. गोडाऊनवरच आमचं घर चालतं. पण मला जेवण जाईना. दूध नासलं नाही तर नासलं नाही असंच तापातही लिहिणारा माणूस, आणि त्याच्या नावावर माझ्या बिस्किटाच्या डब्यातलं पान? तुम्ही माझ्या लहानपणी सांगायचात की चुकीचं नाव लिहिलेल्या पानापेक्षा कोरा कागद बरा. मी एकटी टॅक्सी करून गेले आणि सांगून टाकलं.

 बाईंचा चेहरा पार उतरला. मला इतकं वाईट वाटलं की तेव्हाच कोणी थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि विचारलं, पान कुठल्या झाडाचं, कुठल्या महिन्यात तोडलं. म्हटलं, दुबईतल्या सातवा नावाच्या वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगखालचं, गेल्या पाडव्याचं. (पाडवा समजावायला अर्धा तास गेला.) त्यांनी चिठ्ठी लिहिली: कडुनिंबाचं पान, सौ. स्मिता यांनी ठेवलेलं. मग इतक्या हसल्या की चहा सांडला. कागदांत जे सापडतं ते नोंद करून ठेवायची त्यांची पद्धत आहे, त्यामुळे पान आता अमेरिकेला जाणार. रणजितला त्यांनी फोन करून सांगितलं की तुमच्या गोडाऊनची शिफारस करीन, मात्र बायकोला लांब ठेवा. आणि मला म्हणाल्या, मांडामांडीला मदतीला ये, माझ्या नजरेसमोर.

तर सगळं गोड झालं. प्रदर्शन छान भरलंय. तुमचे आशीर्वाद असावेत, दुसरं काही नको. मामींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमची भाची,
स्मिता

ता. क. — पैठणीतला कडुनिंब मामींनी काढू नये. त्याचं काही चुकलेलं नाही.

ता. क. — मामा, दुसरं काही नको असं वर लिहिलंय ते खोडत नाही, पण खरं नाही. हे पत्र ज्यासाठी लिहायला बसले ते लिहायचं धैर्य आत्ता होतंय. एक पेटी तपासणीत उघडलीच गेली नव्हती. अमेरिकेचं सील तसंच होतं. परवा बाईंनी ती माझ्यासमोर उघडली. मी कागद उलटत होते आणि घडीत आणखी एक पान निघालं. कडुनिंबाचंच, पण इतकं पातळ झालेलं की खालची अक्षरं दिसत होती, आणि कागदावर त्याचा डाग पडलेला. मी ते ठेवलेलं नाही. मामींची शपथ, मिहिकाची शपथ. मी ओरडलेच. ॲबिगेलबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "स्मिता, यू आर टू काइंड." माझं मन राखायला तूच हे हळूच आत सरकवलंस, पण पुन्हा करू नकोस, असं म्हणाल्या. हे माझं नाही म्हणून मी जीव तोडून सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या आणि त्या पानाखालीही माझ्याच नावाची चिठ्ठी लिहिली. रणजितसुद्धा म्हणाला, "पुरे आता." फोटो सोबत आहे, दोन्ही बाजूंचा, डागासकट. तुम्ही आयुष्यभर दाबलेली पानं बघितली आहेत. जुनं पान आणि माझं पान यांतला फरक तुम्ही कॉलेजच्या कागदावर, सहीनिशी लिहून बाईंना कळवा. किड्यांनी त्या माणसाचा सगळा उन्हाळा खाल्ला, मामा, आणि जे एक पान उरलं ते माझ्या नावावर लागलंय.