मुंगीला परत देणार नाही

४ ऑक्टोबर

पोरगी आली एकदाची! नवीन घर, नवीन वही आणि आजपासून घरात आम्ही दोघी. इतकी वर्षं एकटीने संसार केल्यावर दुसऱ्या माणसाची चप्पल दाराशी बघून मी उगाचच दोनदा बाहेर डोकावून आले.

समाजसेविका तिला घेऊन आली तेव्हा माझे दोन्ही हात साबणाच्या फेसात. सात वर्षांची आहे, पण पाचाची वाटते. मुकी नाही, फक्त बोलत नाही. पिशवी पोटाशी घट्ट धरून तिने सगळं घर बघितलं. माझ्याकडे मात्र एकदाही नाही. आतल्या खोलीतल्या कपाटापाशी आली आणि अंग चोरून भिंतीला चिकटली.

समाजसेविकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिची आई हिला कपाटात कोंडायची. आई आता हयात नाही. मी तिथल्या तिथे सुताराला फोन लावला. तो संध्याकाळी कपाटाची दारं काढून घेऊन गेला. जाताना म्हणाला, कपड्यांवर धूळ बसेल. म्हटलं, बसू दे, झटकायला हात आहेत.

दादाने फोनवर विचारलं, की या वयात ही उठाठेव कशाला? मी त्याला सांगितलं, वय तुझं झालंय, माझं नाही.

९ ऑक्टोबर

पाव उशीच्या अभ्र्यात, अंडं माझ्या बुटात, केळं गादीखाली. बाईसाहेब पुढच्या दुष्काळाची तयारी करताहेत. रागवायचं नाही, काढून घ्यायचं नाही, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी बिस्किटांचा डबा भरून तिच्या पलंगाशी ठेवला आणि सांगितलं, हा तुझा, संपला की पुन्हा भरणार. तेव्हापासून तिला मुंगी म्हणते. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचे खांदे हलले. आवाज नाही, पण हसलीच ती.

मला मावशी म्हण असं सांगून ठेवलंय. घाई नाही.

आज चष्म्याचं घर उघडलं तर आत अर्धं बिस्किट. माझ्यासाठी ठेवलेलं! मी बराच वेळ चष्मा न घालताच बसून राहिले. तसंही काही दिसत नव्हतं.

१४ ऑक्टोबर

मुंगी शाळेत होती. मी भांडी घासत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला. मऊ, लाडिक. "झालं का रडून?"

जाऊन बघितलं. कुणी नाही. शेजारचं कुणी असेल म्हणून मी पुन्हा भांड्यांकडे वळले. मग आठवलं, शेजारच्या घराला कुलूप आहे.

१७ ऑक्टोबर

समाजसेविका भेटीला आली. मी गंमत म्हणून तो आवाज सांगितला आणि तिने चहाचा कप खाली ठेवला.

ती म्हणाली, मुंगी संस्थेत आली तेव्हा थोडं बोलायची. तेव्हा तिनेच सांगितलं होतं, की आई कपाटाला कडी घालून बाहेरून हेच विचारायची. आतून हुंदका आला की कडी तशीच राहायची. एके दिवशी आई बाहेरच मरून पडली. मुंगी आत. लोकांनी तिला काढेपर्यंत ती रडली नाही, की बोलली नाही.

आधी दोन घरांनी तिला घेऊन परत केलं होतं. दोन्हीकडच्या बायकांनी एकच कारण दिलं. ही घरात आली की दारं आपोआप बंद होतात.

समाजसेविका म्हणाली, ताई, जमत नसेल तर सांगा, कुणी नावं ठेवणार नाही. मी विचारलं, मूल म्हणजे काय चप्पल आहे, चावते म्हणून दुकानात परत करायला? ती हसली नाही. मीही नाही.

२० ऑक्टोबर

सकाळी आंघोळीला गेले आणि दार लागलं. त्या दाराला बाहेरून कडीच नाही. दिवा गेला. जुन्या, कोंदट कपड्यांचा वास आला. हात पसरले तर दोन्हीकडे लाकूड लागलं. आमच्या न्हाणीघरात लाकूड नाही.

"झालं का रडून?"

मग तितक्याच लाडाने ती म्हणाली, की पोरीला परत पाठव, तुला लगेच बाहेर काढते.

माझं डोकं फिरलं. मी ओरडून सांगितलं, "मी रडतच नाहीये, बाई! आणि पोरगी मिळणार नाही!"

बराच वेळ दारावर बाहेरून नखांचा आवाज. मग दार उघडलं. बाहेर मुंगी. चड्डी ओली, दात वाजत होते. दार तिनेच ढकललं होतं. आणि ती बोलली. पहिल्यांदा.

"मावशी, तू हो म्हणू नकोस."

तिला जवळ घेतलेलं चालत नाही. मी हात पुढे केला. तिने एक बोट धरलं.

२१ ऑक्टोबर

सुताराकडून सगळी दारं काढून घेतली, पुढचंसुद्धा. न्हाणीघराला पडदा. त्याला वाटतंय माझं डोकं फिरलंय. वाटू दे.

समाजसेविकेला सगळं सांगितलं. तुम्ही विश्रांती घ्या, हिला थोडे दिवस संस्थेत ठेवू, असं ती म्हणाली. मुंगीने माझा पदर धरला होता. मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं.

२३ ऑक्टोबर

दार नाही, तरी हात आपटतो. चौकट मोकळी, पलीकडे ऊन दिसतंय — आणि तळव्याला लाकूड. बाहेर जाता येत नाही. फोन लागत नाही. खिडकीतून हाका मारल्या. रस्त्यावरची माणसं मान वर करत नाहीत.

बिस्किटांचा डबा आहे. पाणी आहे. मुंगी वाटण्या करते. मला मोठा तुकडा.

२४ ऑक्टोबर

मुंगीची आई दिवसभर तेच विचारतेय. या भिंतीतून, त्या भिंतीतून.

आम्ही गाणी म्हटली. बेसूर, चुकीचे शब्द, घसा फुटेस्तोवर. मुंगी हसली — आवाज करून! भिंतीतला लाडिकपणा संपला. आता ती ओरडते.

ओरड म्हणावं. भ्यायलीस तू.

२५ ऑक्टोबर

भर दुपार. उजेड आहे. खोली लहान होतेय. टेबल भिंतीला टेकलं — पलंगही —

मुंगी माझ्या पाठीशी. तिचा श्वास मानेवर लागतोय.

तिची आई आत आलीय. पाठमोरी. उलटी चालत येतेय. तोंड अजून —

भीती वाटतेय. लिहून ठेवते, वाटतेय. तरी माझं 'नाही' कायम.

मुंगी उठली. माझ्या पुढे जाऊन उभी राहिली. इवलीशी. तिच्याकडे बघून म्हणाली, "आई, नाही."

थांबली. ती थांबली!

पुढचं पाऊल आता माझं. वही ठेवते. दोन्ही हात मोकळे हवेत. पोरगी माझी आहे, आणि मी तिला —