वाफ जिरू दे, मग उघड

आई, आज कुकरची रिंग फाटली म्हणून तुझ्या जुन्या पातेल्यात भात केला. माझ्या धाकट्या लेकीने लगेच झाकणाला हात घातला आणि माझ्या तोंडून तुझंच निघालं, "उघडू नको गं, वाफ जिरूंदे." ती हसायला लागली. तिने तुला पाहिलेलंही नाही. उघडणं हा शब्द तू वापरायचीस तो बहुतेक नको लावूनच. भात उघडू नको, लोणच्याची बरणी उघडू नको, घरातलं चार माणसांत उघडं करू नको. पडघ्याकडच्या आपल्या घराला धड कडी नव्हती, तरी तू किती झाकून ठेवलंस बाई!

निजामपुऱ्यातल्या कापडाच्या कारखान्यात तू कांडी मशीनवर बसायचीस, लूमसाठी सूत भरायला. एकदा तुझं ब्लाउज धुताना मला आतून पिवळा डाग दिसला. विचारलं तर म्हणालीस, "काय न्हाय, गाठ हाय जराशी. हळदीचा लेप लावलाय. जिरल." झाकून ठेवलं की वाफेसारखी गाठही जिरते, असं तुझं गणित. बाजूच्या मशीनवरची खाला रोज ओरडायची, "अरे, डॉक्टर को दिखा दे, शरम काहे की?" तू पदर आणखी ओढून घ्यायचीस. शेवटी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, उघडा, बघू द्या," तर तू आधी मला बाहेर काढलंस. मी बाकावर बसले. आतून त्यांचा आवाज आला, "इतके दिवस काय करत होतात?" पावसाळा संपायच्या आत तू गेलीस.

तेव्हा तुझा फार राग आला होता. आता तोही येत नाही. आंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत गाठ हाताला लागली, त्यालाही बरेच दिवस झाले. घाबरायला हवं गं, पण आत काही हलतच नाही. सुन्न. डबे भरते, गोडाऊनच्या ड्युटीला जाते, परत येते.

भात चांगला मोकळा झालाय. धाकटी मोरीत धुणं धुवायला गेली होती, ती माझं ब्लाउज उलटं धरून दारात आली. "आई, ही आतून हळद कसली?"

हे तुला पोचायचं नाही, म्हणून तुलाच सांगते. मी म्हटलं, फोडणी करताना सांडली.