दस्ता बसेना

बेस्ट, नेदरलँड्स
५ सप्टेंबर २०२१

ती. अण्णांस,
मृदुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला नुसता पंखा दाखवता, म्हणून हे पत्र. फोटो काढून शेजारच्या उल्काताईंना पाठवतेय, त्या छापून तुमच्या हातात देतील. नेमबाजीच्या रेंजवर जन्मभर कानांत बोळे घाला म्हणून आई ओरडायची, तेव्हा ऐकलं असतंत तर आज माझंही ऐकू आलं असतं!

आज एकदाचं तुमचं खोकं उघडलं. जानेवारीत आलं तेव्हा इथे सगळं बंद होतं, आमचा शूटिंग क्लबसुद्धा. मग एप्रिलमध्ये आई गेली. विमानं बंद, मी इथे अडकलेली. त्या खोक्यावर तिच्या अक्षरात माझं नाव होतं, ते दिसलं की मी माळ्याचं दार लावून खाली यायचे. शेवटी तुमच्या नातीनेच, ईशानीने, काल ते उचलून खाली आणलं.

आत आईची अबोली साडी फाडून तिच्यात गुंडाळलेला रायफलचा लाकडी दस्ता. अहो अण्णा, काय देखणा कोरलाय! शिसवीच्या रेषा नुसत्या वाहतायत. खांद्याला लावला तर गाल बरोबर जागेवर टेकला. मी कॉलेजात राज्य स्पर्धेला उतरायचे तेव्हाची माझी बैठक तुम्हाला अजून पाठ आहे, हे बघून मला रडूच आलं.

पण एक अडचण आहे. एअर रायफलची नळी आणि चाप असलेला लोखंडी भाग खोबणीत नीट बसत नाही. डुगडुगतो. स्क्रू आवळले की नळी डावीकडच्या लाकडाला घासते. तुमचा जावई आशुतोष म्हणतो, आणखी आवळ. मी त्याला स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिलेला नाही. काय करू?

जेवणाची हेळसांड करू नका. उत्तराची वाट बघणारी,
मृदुला


पुणे
९ सप्टेंबर २०२१

चि. सौ. मृदुला हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी ठणठणीत आहे. पोळ्या उल्का देते, आमटी मी करतो. ती तुझ्या आईच्या आमटीसारखी होत नाही, आणि होणार नाही हे मी मान्य केलं आहे.

आता कामाचं. आवळायचं नाही म्हणजे नाही. लाकूड फाटलं तर दस्ता सरपणात जाईल. इथल्या रायफल क्लबच्या शस्त्रागारात उभा जन्म घालवला, त्यात निम्म्या बंदुका मी जोर लावणाऱ्या लोकांच्या हातून सोडवल्या आहेत. नळीची आणि लोखंडी भागाची मापं जावईबापूंनी पाठवली होती. ते फार मोठ्या यंत्रांवर काम करतात हे मला ठाऊक आहे. मी माणसाबद्दल काही बोलत नाही, मापाबद्दल बोलतो आहे. त्यांना पुन्हा मोजायला सांग.

तोवर एक कर. लोखंडी भागाच्या तळाला काजळाचं बोट फिरव. अगदी पुसट, बाळाला तीट लावल्यासारखं थापू नकोस. मग तो खोबणीत अलगद ठेव आणि सरळ वर उचल. लाकडावर काळं सगळीकडे सारखं उमटलं तर बैठक बरोबर. एकाच जागी उमटलं तर तिथलं लाकूड उंच राहिलं आहे. कुठे उमटलं ते मला नेमकं कळव.

तुझी आई असती तर माझ्या या पत्रात खालीवर तिने चार ओळी घुसडल्या असत्या. आता कागद उरतो. ईशानीला पापा.

तुझा,
अण्णा


बेस्ट
१९ सप्टेंबर २०२१

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी जावयाची तक्रार ऐका. आशुतोषने पुन्हा मोजलं, आकडे तेच आले. रविवारचा अख्खा दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. मापाबद्दल बोलणं म्हणजे त्याच्या खानदानाबद्दलच बोलणं, हे तुम्हाला कसं कळणार! आता तुम्हीच त्याला दोन गोड ओळी लिहा, मला इथे त्याच्याबरोबर राहायचं आहे.

काजळाचा प्रयोग केला. इथल्या दुकानातलं काजळ मेलं पाण्यानेसुद्धा जात नाही, त्यामुळे ते नको म्हटलं. ईशानीच्या बारशाला आईने दिलेली चांदीची डबी काढली. आतलं काजळ वाळून खडा झालं होतं, तुपाचं बोट लावल्यावर सुटलं. तुम्ही सांगितलंत तस्सं केलं. काळं फक्त एका जागी उमटलं, चापाच्या मागे, खोबणीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. बाकी सगळी खोबण कोरी. बॅटरी मारून बघितलं, लालसर काळं लाकूड दिसतं, बाकी काही नाही.

एक गंमत सांगते. ईशानीने दस्ता उचलला आणि थेट डाव्या खांद्याला लावला. मला म्हणाली, डचमध्येच म्हणाली, की हा चुकीच्या बाजूने केलाय. मी सांगितलं, बाई गं, चुकीची बाजू तुझी आहे, तू आजीवर गेलीस. क्लबमध्ये मुलांचा वर्ग सुरू झालाय, तिला जायचंय. डावखुऱ्या मुलीचा दस्ता तुम्ही कधी कोरलायत का हो?

आता कोपऱ्याचं काय करायचं ते लवकर सांगा. आणि अण्णा, तुमचं अक्षर या वेळी फार लहान आलंय. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तुमच्यावर जीव लावून बसलेली,
मृदुला


पुणे
२५ सप्टेंबर २०२१

चि. सौ. मृदुला हिस,
अ. उ. आ.

जावईबापूंची मापं बरोबर आहेत. त्यांना सांग, मी माघार घेतली. म्हणजे चूक मापाची नाही, माझ्या हाताची.

तो कोपरा मी सर्वांत शेवटी कोरला होता. तिथे पटाशी आडवी धरावी लागते. मला वाटलं होतं, साफ उतरला आहे. तीनदा बोट फिरवून पाहिलं होतं. बोटालाच कळेनासं झालं असेल तर पुढे बोलायला नको. लोकांच्या बंदुका मी केसाच्या जाडीवर बसवल्या आणि पोटच्या पोरीचा दस्ता वाकडा बसवला.

तू चिमूटभर लाकूड काढ. लहान सुरीचं टोक घे, आडवं धर, खरवड, पुन्हा काजळ लाव, पुन्हा बघ. घाई करू नकोस. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

डावखुरा दस्ता मी कधी कोरला नाही. आता कोरणारही नाही. खाली पार्किंगमधली माझी कामाची खोली तुझी आई गेल्यापासून बंदच आहे. हत्यारं दत्ताला देऊन टाकतो आहे. माझ्या हाताखाली तयार झाला, साताऱ्याला त्याचं चांगलं चाललं आहे, त्याच्याकडे ती गंजणार नाहीत. हे मी रागाने लिहीत नाही. म्हाताऱ्या माणसाने कधी थांबायचं ते आपलं आपण ओळखावं.

सर्वांना आशीर्वाद.
अण्णा

ता. क. मृदुला, मी उल्काताई. फोटो काढताना पत्र वाचलं, रागावू नकोस. दत्ता दसऱ्याला टेम्पो घेऊन येतोय. अण्णा दिवसभर गॅलरीत नुसते बसून असतात गं. ती खोली रिकामी झाली तर हा माणूस उठून कुठे जाणार? तू काहीतरी कर.


बेस्ट
४ ऑक्टोबर २०२१

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नका. खुर्चीत बसा, पाणी प्या, मग वाचा.

तुमचं पत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. हत्यारं देतायत म्हणे! म्हटलं, आधी हा कोपरा बघते, मग यांच्याशी भांडते. काल इथे चक्क ऊन पडलं होतं. दस्ता खिडकीत घेऊन बसले, सुरीचं टोक आडवं धरलं आणि हलकेच खरवडलं. लाकडाचा कीस निघेल असं वाटलं होतं. निघाली लाल पूड. बोटावर घेऊन बघितली, नाकाशी धरली. अण्णा, कुंकू होतं ते.

अजून थोडं उकरलं, तर खाली तांदळाचा दाणा. कुंकवात भिजून लाल झालेला, लाकडाच्या तेलाने चिकटून दगडासारखा घट्ट. त्याच्या शेजारी अजून एक. अक्षता आहेत त्या!

तुम्ही आणि आई दर खंडेनवमीला भांडायचात, आठवतंय? ती हळदकुंकवाची ताटली घेऊन पार्किंगमध्ये उतरायची आणि तुम्ही दारात आडवे उभे राहायचात, की लोखंडाला गंज चढेल, लाकडाला डाग पडेल, बंदुकीला हात लावायचा नाही. मग तहात तिला एक हातोडी मिळायची. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच तर खोकं निघालं. गुंडाळलं तिने. तुम्ही आंघोळीला गेलेले असणार. आणि कुठे वाहिल्या बघा बाईने अक्षता! वर दिसल्या तर तुम्ही ओरडाल, म्हणून खोबणीच्या तळाला, पार आतल्या कोपऱ्यात. शिसवीच्या रंगात कुंकू तुम्हालाही दिसलं नाही आणि मलाही.

मी जमिनीवर बसून रडले आणि हसले. आशुतोष धावत आला, त्याला वाटलं सुरी लागली.

कोपरा ओल्या कापसाने पुसून घेतला. लाकडाला सुरी लावलीच नाही. वाळल्यावर पुन्हा काजळ लावून लोखंडी भाग ठेवला आणि उचलला. काळं या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उमटलं, अण्णा. कुठे म्हणून कमीजास्त नाही. स्क्रू बोटांनी बसले. आज रायफल क्लबमध्ये नेली होती, इतक्या वर्षांनीही सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या.

तुमचा हात गेलेला नाही. त्या कोपऱ्यात तुम्ही इतकं नेमकं कोरलंयत की तांदळाच्या दाण्यालासुद्धा जागा नव्हती. दत्ताचा टेम्पो परत पाठवा. माझी शपथ आहे.

आईच्या अक्षता काजळाच्या डबीत ठेवल्यात. तुमच्याशी भांडायला जिवंत असलेली एकुलती एक,
मृदुला


पुणे
१६ ऑक्टोबर २०२१

चि. सौ. मृदुला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी बसून वाचलं. मग आत जाऊन तिच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि तिला चांगलं झापलं. सगळा संसारभर सांगत आलो, बंदुकीच्या खोबणीत काही घालू नये, आणि बाईसाहेबांनी शेवटी घातलंच. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा बराच मोठ्याने बोललो असणार. उल्का धावत आली. मी काय करतो आहे ते पाहून तीच रडायला लागली. मग मीही रडलो. एप्रिलपासून रडलो नव्हतो गं.

दत्ता काल टेम्पो घेऊन आला होता. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसत राहिला, मग जेवला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

परवा खंडेनवमीला खोली उघडली. वर्ष झालेलं नाही, यंदा सण नको, असं उल्काचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, हा सण नव्हे, हे हत्यारांचं काम आहे. पटाश्यांवर थोडा गंज चढला होता, तो काढला. मग ताटली घेतली आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, लाकूड पकडायच्या शेगड्यापासून कानशीपर्यंत. कुणी दारात आडवं आलं नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता नीट वाच. ईशानीची मापं पाठव. मोजायची जावईबापूंनीच, दुसऱ्या कोणी नाही. खांद्यापासून डाव्या हाताच्या पहिल्या बोटापर्यंत, आणि मान उभी ठेवून गालापर्यंत. नेमबाजीचं जॅकेट घालून मोजा. शिसवीचा एक ठोकळा कोपऱ्यात ठेवलेला होता, तो काल कापला. डाव्या बाजूने कोरताना हात अवघडतो, पण जमतं आहे.

त्या दस्त्याच्या खोबणीत, मागच्या आतल्या कोपऱ्यात, मी तांदळाच्या दाण्याएवढी जागा जास्त कोरून ठेवणार आहे. डबीतला एक दाणा तिथे ठेव.

तुझा,
अण्णा