एकशे एक खांबांची पातळी

३ मार्च, सोमवार

लिहिणाराचे वय एक्क्याऐंशी वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा गवंडीकाम, सध्या घरी. नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे. ते रोज लिहिण्याचे कारण नाही. प्रकृती ठीक.

आज नातीने माझ्या ओळंब्यावर, म्हणजे वजन बांधलेल्या दोरीवर, शंका घेतली. ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविते, आणि सुट्टीत आली की जेवतानाही शिकविते. म्हणाली, "आजोबा, दोन ओळंबे कधीच समांतर नसतात." मी ताट सारले नाही, परंतु पोळी परत ठेवली. पंचावन्न वर्षे मी ओळंब्यावर भिंती उभ्या केल्या. एकही झुकलेली नाही. ज्याने कधी वीट लावली नाही त्याने दोरीला नावे ठेवू नयेत.

सून म्हणाली, "अगं, त्यांना जेवू तरी दे."

४ मार्च, मंगळवार

सकाळी नातीने एका मोसंब्यात दोन काड्या उभ्या खोचल्या. दोन्हींची टोके आत एकमेकींकडे गेली. "ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे बघतो. दोघंही एकाच ठिकाणी बघतात, मग समांतर कसे राहतील?"

मी विचारले, "माझ्या दहा मीटरांच्या खोलीत किती फरक पडतो तेवढे सांग." तिने कागदावर मांडले. केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही.

"मग माझा ओळंबा खरा."

"तुमच्या खोलीपुरता खरा, आजोबा."

हे 'पुरता' मला रुचले नाही.

५ मार्च, बुधवार

बोललो नाही. मोसंबे तिनेच खाल्ले.

६ मार्च, गुरुवार

दुपारी मीच विषय काढला. चौकशी करण्यात कमीपणा नसतो.

तिचे म्हणणे समजले तसे लिहितो. जड वस्तू आपल्या भोवतालची जागाच वाकविते. सूर्याजवळून येणारा प्रकाश वळलेला दिसतो; पण त्याच्या बाजूने पाहिले तर तो त्या वाकड्या जागेतली सर्वांत सरळ वाट चालत असतो. दगड खाली पडतो तोही कोणी ओढतो म्हणून नव्हे, तर तो आपल्या सरळ वाटेने निघालेला असतो आणि आपण जमिनीवर उभे राहून त्याला आडवे येतो. मी विचारले, मग काटकोन तपासायला गुण्या कोणता लावायचा? म्हणाली, छोट्या जागेत तुमचाच चालतो, मोठ्या जागेत नवा करावा लागतो.

काळाचेही तसेच आहे म्हणे. जिन्याच्या वरच्या पायरीवरील घड्याळ खालच्यापेक्षा किंचित पुढे धावते. मी म्हणालो, "म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर राहून लवकर म्हातारा झालो. धाकटा तळमजल्यावर राहतो, त्याचे बरे चालले असेल."

हे तोंडून सहज गेले. माझा धाकटा भाऊ तीन गल्ल्या पलीकडे राहतो. आम्ही एकतीस वर्षे बोललेलो नाही. नातीने लगेच विचारले, "का हो?"

"कामाची बाब आहे," एवढेच सांगितले.

७ मार्च, शुक्रवार

आज ती सांगत होती, की दूर कोठे दोन जड तारे आदळले की जागेला लहर येते, आणि ती पकडण्याकरिता काही ठिकाणी लांबच लांब सरळ नळातून प्रकाश सोडतात. मी म्हणालो, "असा नळ मी बसविला आहे." तिने कप खाली ठेवला.

त्या कामाची हकिकत येथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फिरवून सांगू नये.

एकतीस वर्षांपूर्वी शहराबाहेर एक किलोमीटर लांबीची प्रयोगशाळा बांधली जात होती. नळाखाली दर दहा मीटरांवर एक, असे एकशे एक खांब मजकडे होते. लेखी हुकूम असा: सर्व माथे एका पातळीत असावेत. मी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढली; दोन्ही टोकांतले पाणी समान उंचीवर राहते. नळीचे एक टोक माझ्या हाती, दुसरे धाकट्याच्या. या खांबावरून त्या खांबावर, शंभर वेळा. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि हाताने माझ्यापेक्षा अचूक. हे मी तेव्हा त्याला सांगितले नव्हते.

काम पुरे झाल्यावर देखरेखीचे साहेब आले. पहिल्या खांबावर दुर्बिणीचे यंत्र मांडून त्यांनी शेवटचा खांब पाहिला. सात सेंटिमीटरांना दोन मिलिमीटर कमी, एवढा तो खाली होता. सर्वांसमक्ष विचारले, "मिस्त्री, ही तुमची पातळी?" मग खांबांवर लोखंडी पट्ट्या चढवून नळ सरळ केला, आणि जबाबदार कोण म्हणून जबाब घेतला.

मी जबाब दिला, की नळीचे दुसरे टोक धाकट्याकडे होते, त्याच्या बाजूस हवेचा बुडबुडा राहून पाण्याची उंची चुकली असावी. बुडबुडा मी पाहिला नव्हता. खाली सही केली. त्याला त्याच दिवशी कामावरून काढले. पुढे त्याने थापी हाती धरली नाही. शाळेच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसला. माझ्या घरी पुन्हा आला नाही. रुसला, असे मी त्या वर्षीच्या वहीत लिहिले आहे.

नातीने विचारले, "त्या वर्षीची वही आहे?" माझ्या सर्व वह्या आहेत.

९ मार्च, रविवार

वही ट्रंकेत सापडली. मापे रोजच्या रोज टिपण्याची माझी सवय होती, आणि साहेबांनी यंत्रातून वाचलेले आकडेही मी रागाने टिपून ठेवले होते. नातीने ते दोनदा वाचले आणि कागद मागितला.

मग म्हणाली, "आजोबा, पाणी पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळतं. यंत्राची नजर वळत नाही. ती सरळ पुढे गेली आणि खालची जमीन गोल होत गेली. एका किलोमीटरला किती फरक पडेल, सांगू?" तिने हिशेब केला. सात पूर्णांक आठ सेंटिमीटर.

मी म्हणालो, "माझ्याकडे सहा पूर्णांक आठ आहे. सेंटिमीटर कोठे गेला? असले भागवाभागवीचे गणित मला चालत नाही."

ती हसली. "जमिनीजवळची हवा नजरेला थोडं खाली वाकवते. ते साधारण एक सेंटिमीटर. आता अर्ध्या वाटेचा आकडा बघा."

एक्कावन्नावा खांब: सतरा मिलिमीटर. अर्ध्या अंतरावर निम्मा नव्हे, चौथाई. गोलाईत असेच होते म्हणे. बुडबुडा राहिला असता तर एका ठिकाणी पायरी पडली असती, असा बाक आला नसता.

"तुमची पातळी बरोबर होती. हुकूमच चुकला होता. प्रकाशाच्या नळाला पातळी नको होती, सरळ रेषा हवी होती."

"आणि धाकट्याचे टोक?"

"त्यांचंही बरोबर होतं. शंभरच्या शंभर वेळा."

१० मार्च, सोमवार

माझी पातळी खरी ठरली. आनंद व्हावयास हवा होता. दुपारपर्यंत वाट पाहिली.

साहेबांची चूक साहेबांची. परंतु न पाहिलेला बुडबुडा लिहून देणारा हात माझा. त्यात पृथ्वीच्या गोलाईचा काही संबंध नाही.

नातीने विचारले, "मी जाऊन सांगू का त्यांना?" नको म्हणालो. माझा जबाब, मीच फिरविणार.

१३ मार्च, गुरुवार

वही काखेत घेऊन त्याच्या दारापर्यंत गेलो. आतून खोकल्याचा आवाज आला. परत आलो. वाक्य जुळविले होते, ते जिन्यावरच विसरलो. गुडघा दुखतो.

१४ मार्च, शुक्रवार

सुनेने विचारले, "नळी कशाला हवीय? पाणी तुंबलंय का?" पारदर्शक हवी, दहा मीटर, एवढेच सांगितले. संध्याकाळी तिने आणली. पाणी भरून पाहिले, कोठे गळत नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी दहा वाजता नातीसह धाकट्याच्या अंगणात. आधी नळीचे एक टोक त्याच्या हातात दिले. त्याने ते न विचारता भिंतीला धरले, अंगठा पूर्वीसारखाच नळीच्या तोंडापासून बाजूला. मग नातीने वहीतले आकडे वाचून दाखविले आणि मी माझा जबाब खोटा होता असे तोंडी सांगितले.

त्याने दोनदा विचारले, "म्हणजे बुडबुडा नव्हताच?" मग म्हणाला, "दादा, तू लिहून दिलंस म्हणजे असणारच, असं मी धरून चाललो. तुझं काम माझ्या हाताने नासलं. कोणत्या तोंडाने तुझ्या दारात येणार होतो? फाटकाला पातळी लागत नाही, म्हणून तिथे बसलो."

रुसला, हे त्या वर्षीच्या वहीतले वाक्य मी आज खोडले.

हजर: लिहिणारा; त्याचा धाकटा भाऊ, धंदा गवंडीकाम; नात. नळी दहा मीटर. दोन्ही टोके समान. बुडबुडा नाही.