लाल मोजे

ल्यों, ९ मे १७८४

चि. तोआनेत हिस अनेक आशीर्वाद.

तू विणलेले लाल मोजे पोचले. तुझी वहिनी म्हणते, हे घालून वर गेलात तर कावळेसुद्धा हसतील.

हो, वर जातोय. आमचा धुराचा फुगा पावसात भिजून दोनदा उडालाच नाही. आतला कागद सुटलाय, कापड कुजलंय. पण लोक खवळलेत; आता नाही उडाला तर फुग्यासकट आम्हाला जाळतील. वर शेगडीत ओला पेंढा आणि लोकर घालत राहायला मालकांना मीच हवा आहे.

वारा दक्षिणेचा असला तर आपल्या गावाकडेच येईन. बाबांना सांगून पाद्रीबाबांकरवी गावाला बजाव, की धूर ओकत उतरेल ते जनावर नव्हे. एका गावात लोकांनी रिकामा फुगा गवत उचलायच्या लोखंडी काट्यांनी भोसकला होता.

बाबांचा राग निवला का? लोभ आहेच, तो वाढव.

तुझा दादा,
बास्तियें

व्हर्निएल, १३ मे

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

वर जातोय एवढंच ऐकलं आणि तुझं पत्र बाबांनी चुलीत घातलं. द्राक्षमळा सोडून शहरात पळाला तो पळाला, आता देवाच्या अंगणात घुसतोय, असं म्हणाले. गावात अवाक्षर काढायचं नाही म्हणून मला आईच्या थडग्याची शपथ घातलीय.

दादा, पाया पडते, जाऊ नकोस. मला घास गिळवत नाही. जाणारच असलास तर आधी कळव, मी शपथ मोडीन. धाकटीवर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तोआनेत

ल्यों, १८ मे

चि. तोआनेत हिस आशीर्वाद.

शपथ मोड. उद्या सकाळी निघतो. गाडीवान पत्र आजच पोचवतो म्हणालाय. मला भीती वाटतेय, हे तुझ्या वहिनीला, मादलेनला, सांगू नकोस.

दादा

व्हर्निएल, २० मे

सौ. मादलेन वहिनीस सा. न. वि. वि.

मिळेल त्या गाडीने या. दादा अजून आहे, पण वैद्य नजरेला नजर देत नाहीत.

गाडीवान वाटेत दारू पीत बसला. पत्र आलं ते फुगा उतरल्यावर. मी नदीवर धुणं धूत होते. घंटा वाजली, धावत आले, तर राईच्या शेतात धुमसणाऱ्या कापडावर अख्खा गाव तुटून पडलेला. सगळ्यांत पुढे बाबा. मी कापड ओढलं, तेव्हा आधी लाल मोजे दिसले.

कापडाखालून दादा ओरडत होता म्हणे, बाबा, मी आहे, मी. राक्षस माणसासारखं बोलतोय म्हणून लोक मागे सरले. बाबा सरले नाहीत.

दादा सारखी त्यांचीच आठवण काढतो. ते गोठ्यातून हलत नाहीत. आज मी ओरडलेच, तुम्हाला त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही का? तर म्हणाले, आला. लगेच ओळखला. वाटलं, त्या राक्षसाने माझ्या पोराला गिळलंय, म्हणून तर जीव खाऊन मारलं.

वहिनी, लवकर या. आमच्यावर माया ठेवा, असं कोणत्या तोंडाने लिहू?

तोआनेत